मास्तर, लई वर हाय!

विमान उडवायला फारशी अक्कल लागत नाही. इंजिनाला पुरता जोर द्यायचा, नाक धावपट्टीच्या रेघेवर धरायचं आणि वेग आला की दांडी हळूच मागं ओढायची. पुढचं काम हवा बघते. आमच्या लोणी भापकरमध्ये ज्यांनी एसटीत ड्रायव्हरमागची सीट पकडण्यापलीकडं आयुष्यात धाडस केलेलं नाही, अशा माणसांनी माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर बसून सेस्ना पहिल्या झटक्यात आभाळात नेली. खाली आणायची वेळ आली की मात्र प्रत्येकाला घरची कामं आठवायची. "मास्तर, आता तुमीच बघा," म्हणून उठायचे आणि तीन हजार फुटांवरचं विमान माझ्या पदरात टाकून चालू लागायचे.

ही सगळी २०२० सालच्या टाळेबंदीची कृपा. बारामतीच्या विमानतळावर वैमानिक घडवले जातात, त्यामुळं छोट्या विमानांची घरघर आमच्या भागाला नवी नाही. आमच्या जिरायती पट्ट्यावरून न थांबता पुढं जाणाऱ्या गोष्टी दोनच: पावसाचे ढग आणि शिकाऊ विमानं. माझा पुतण्या वैमानिक व्हायला निघालेला. टाळेबंदी लागली, विमानं हँगरमध्ये गेली आणि पुतण्या घरी आला. हाताची सवय मोडू नये म्हणून त्यानं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचा २००६ सालचा फ्लाइट सिम्युलेटर चढवला आणि जॉयस्टिक जोडली. मी निवृत्त गणित शिक्षक. पुतण्या माझ्याच वर्गात होता, आणि काटकोन चुकवला म्हणून मी त्याला एकदा बाकावर उभा केला होता. मी ते कधीच विसरून गेलो होतो. तो विसरला नव्हता.

"काका, तीन अंशांचा कोन आहे फक्त," तो म्हणाला. "शंभर फूट पुढं जायचं, पाच फूट खाली यायचं. तुम्हाला काय अवघड?"

कागदावर खरंच अवघड नव्हतं. वेग ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. नॉटच्या आकड्याला पाचानं गुणलं की मिनिटाला किती फूट खाली यायचं ते कळतं: ३२५. मी तोंडी हिशेब केला, वर भागाकार करून ताळा पाहिला. एवढ्यात धावपट्टी माझ्या खालून निघून गेली.

सरावासाठी पुतण्यानं जुहू निवडलं होतं. कारण भारदस्त होतं. जे.आर.डी. टाटा १९३२ साली १५ ऑक्टोबरला कराचीहून टपाल घेऊन आले, ते पुस मॉथ विमान याच जुहूला उतरलं. "जेआरडी जिथं उतरले तिथं तुम्ही उतरा," पुतण्या म्हणाला. जेआरडींच्या आणि माझ्यात एक बारीक फरक राहिला. जुहूची धावपट्टी सव्वा किलोमीटरसुद्धा नाही आणि तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे. जेआरडी धावपट्टीवर उतरले. मी पुढं जात राहिलो.

"काका, वर आहात. फार वर आहात."

"मला तर खालीच वाटतंय."

"धावपट्टीकडं बघा. काचेवर ती एका जागी थिजल्यासारखी दिसली तर तुम्ही बरोबर तिथंच जाताय. काचेवर वर सरकत गेली तर तुम्ही खाली आहात. खाली सरकत गेली तर तुम्ही वर."

हे ऐकून माझ्यातला मास्तर खवळला. वस्तू खाली गेली तर मी वर आणि वस्तू वर गेली तर मी खाली, हे प्रमेय मी वर्गात मांडलं असतं तर पोरांनी दप्तरं आवरली असती. पण ते खरं होतं. माझी धावपट्टी काचेवरून खाली घसरत घसरत डॅशबोर्डाखाली जायची, आणि मी ती शोधायला खुर्चीतून उठून वाकून बघायचो.

कळायला सोपं म्हणून धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात. दोन पांढरे आणि दोन तांबडे दिसले की उतार अचूक. चारही तांबडे म्हणजे धोकादायक खाली, चारही पांढरे म्हणजे वर. माझे कायम चारही पांढरे. चहा घेऊन आलेली आमची ही पडद्याकडं बघून म्हणाली, "अगंबाई, किती छान दिवे लागलेत! सगळे एकसारखे." पुतण्यानं कपाळाला हात लावला.

टाळेबंदीत गावाला दुसरी करमणूक नव्हती. माझ्या खिडकीच्या गजांपाशी तोंडाला उपरणं बांधलेली मंडळी जमायला लागली. कलम १४४ लागू होतं, पाच माणसं जमायची नाहीत. त्यामुळं पाचवा आला की शेजारचे तात्या चौथ्याला हाकलायचे. स्वतः तात्या कायम पहिले. आणि आपल्याकडं एक आहे: ज्याला गाडीचं चाक बदलता येत नाही, तो चालत्या गाडीला सल्ला द्यायला सर्वांत पुढं असतो.

"मास्तर, लई वर हाय!"

"माहिती आहे, तात्या."

"मग खाली घ्या की."

"घेतोय."

"ब्रेक मारा."

"हवेत ब्रेक नसतो."

"मग चाकं तरी बाहेर काढा. चाकं दिसली की इमान आपसूक खाली येतं. म्या टीव्हीवर बघितलंय."

"तात्या, सेस्नाची चाकं कायम बाहेरच असतात," पुतण्या म्हणाला.

"तरीच!" तात्या म्हणाले. म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. पण खिडकीतल्या उरलेल्या तिघांनी माना डोलावल्या.

वर राहिलेला माणूस पहिली गोष्ट कोणती करतो? दांडी पुढं ढकलून विमानाचं नाक जमिनीकडं करतो. मीही तेच केलं. धावपट्टी झकास समोर आली, खिडकीतून "आलं, आलं!" असा गजर झाला. पण उंची गेली ती सगळी वेगात जमा झाली. ६५ चे ९५ नॉट झाले. आणि वेगात आलेलं विमान जमिनीला टेकत नाही. पंखांच्या लांबीइतकं खाली आलं की जमिनीजवळची हवा त्याला आणखीच उचलून धरते. ते दोन फुटांवर तरंगत राहतं. मी दांडी धरून बसलोय, खाली धावपट्टी सरकतेय, अर्धी संपली, पाऊण संपली, खिडकी शांत झाली, आणि समोर अथांग, निळाशार, दुपारच्या उन्हात चमकणारा अरबी समुद्र.

"मास्तर, पवता येतं न्हवं?" कोणीतरी विचारलं.

त्या आठवड्यात मी जुहूचा समुद्र इतक्या वेळा गाठला की कोळी मंडळींनीसुद्धा मला ओळखलं असतं. दर वेळी पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा तेच विमान, तीच उंची, तेच चार पांढरे दिवे. रात्री झोपेत मी उशी पुढं ढकलायचो.

पुतण्या धीर द्यायचा. "जुहूनं भल्याभल्यांना चकवलंय काका. १९५३ साली ब्रिटिशांचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून चुकून इथं उतरलं. १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ असंच आलं आणि धावपट्टी संपली तरी थांबलं नाही. आणि ही तर प्रवासी विमानं होती."

"पण ते चुकून का होईना, उतरले," मी म्हणालो. "मला चुकूनसुद्धा उतरता येईना."

मग फ्लॅपचा पाठ झाला. पंखांच्या मागच्या कडेच्या या झडपा खाली सोडल्या की हवेचा अडसर वाढतो आणि वेग न वाढवता जास्त तिरकं उतरता येतं. इंजिनाचा जोर काढायचा, दहा अंश, वीस अंश, तीस अंश असे फ्लॅप टप्प्याटप्प्यानं सोडायचे. कीबोर्डावर एफ-७ दाबलं की फ्लॅप खाली जातात आणि एफ-६ दाबलं की वर येतात. ज्या माणसाचं सगळं आयुष्य फळ्यावर गेलं आणि ज्याच्या चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतो, त्याच्यासाठी ही दोन बटणं शेजारीशेजारी ठेवणाऱ्याचं मी काय वाईट केलं होतं? एकदा सगळं जुळून आलं. दोन पांढरे, दोन तांबडे. तात्याही गप्प. मी विजयी मुद्रेनं शेवटचा फ्लॅप सोडायला बोट टेकवलं, ते एफ-६ वर. हाताला हिसका बसल्यासारखं विमान खाली गेलं आणि जुहूच्या अलीकडच्या कुठल्याशा इमारतीच्या गच्चीत घुसलं.

"आता लई खाली झालं," तात्यांनी निकाल दिला.

शेवटी देवाला साकडं घातलं. आमच्या गावात मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे, समोर देखणी पुष्करणी आहे, आणि यज्ञवराहाची मूर्ती आहे. बुडालेली पृथ्वी ज्यानं वर काढली तो हा वराह, अंगावर नक्षीची झूल घेऊन उभा. मनात आलं, देवा, मला काही खाली जाता येत नाही. तुला पृथ्वी उचलायची सवय आहे. जुहूपुरती दोनशे फूट वर घे, एवढीच प्रार्थना. पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, पृथ्वी वर आली तर उंची मोजायचा काटा खोटा ठरेल." या पिढीला देवाकडं मागायचीसुद्धा रीत कळत नाही.

पुढचा धडा तिरकं घसरण्याचा. इंग्रजीत त्याला स्लिप म्हणतात. एक पंख खाली झुकवायचा आणि शेपटीचं सुकाणू उलट्या बाजूला दाबायचं. विमान अंग आडवं करून हवेला भिडतं, अडसर वाढतो आणि वेग न वाढता उंची भराभर पडते. जॉयस्टिक डावीकडं कलवायची आणि तीच मुठीत उजवीकडं पिळायची. हे मला जमेना, कारण विमानाआधी मी स्वतःच कलायचो. मी डावीकडं, माझ्याकडं बघून पुतण्या डावीकडं, खिडकीतले चौघे डावीकडं, आणि स्वयंपाकघरातून डोकावलेली आमची ही सुद्धा डावीकडं. विमान तेवढं सरळ.

या स्लिपनंच एकदा अख्खं बोइंग वाचवलं होतं. पुतण्यानं ती गोष्ट सांगितली तेव्हा तात्यांनी पहिल्यांदा तंबाखू मळणं थांबवलं. १९८३ सालचा २३ जुलै. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून एडमंटनला निघालं होतं. कॅनडात तेव्हा पौंडाचे किलो होत होते. विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. हिशेबात घोळ झाला आणि २२,३०० पौंडच भरलं गेलं, म्हणजे निम्म्याहून कमी. ४१,००० फुटांवर इंधन संपलं, दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन बॉब पिअरसन यांना इंजिन नसलेली ग्लायडर उडवायचा नाद होता. गिमली नावाच्या गावी हवाई दलाचा जुना तळ होता, तिकडं त्यांनी विमान तरंगत नेलं. आणि जवळ आल्यावर बघतात तर काय,

"लई वर!" तात्या ओरडले.

"लई वर," पुतण्या म्हणाला. आणि एक गोल फेरी मारून उंची घालवायची म्हटलं तर तेवढी उंचीही नव्हती. मग पिअरसन यांनी ते अवाढव्य विमान आडवं घातलं, स्लिप केली आणि टेकवलं. त्या दिवशी त्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती चालू होत्या, लोक बायकापोरांसह जमले होते. विमानाचं पुढचं चाक मोडलं, पण आतले ६९ आणि खालची सगळी माणसं सुखरूप राहिली.

तात्या बराच वेळ विचारात पडले. "म्हंजी किलो आन् पौंडात घोळ झाला तर तिकडं गिमली होतं. हितं आडत्याकडं रोज होतंय, आन् आपलं कुनी पुस्तकबी लिवत न्हाय."

एका संध्याकाळी पुतण्यानं सर्वांत सोपा उपाय सांगितला. त्यानं तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. बाकावर उभं केल्याचा हिशेब तिथं फिटला.

"काका, वर राहिलात तर उतरूच नका."

"म्हणजे?"

"पुन्हा जोर द्यायचा, वर चढायचं, एक फेरी मारून नव्यानं यायचं. गो-अराउंड. त्यात कमीपणा नाही. रेडिओवर तसं सांगायचं आणि निघायचं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर केलं असतं?"

पोरगं खरं बोलत होतं. आणि हा दोष माझ्या एकट्याचाही नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं पाहणी केली, तेव्हा असं निघालं की विमान उतरताना उंची, वेग यांचा मेळ बिघडलेला असताना शंभरातले सत्त्याण्णव वैमानिक तसंच रेटून उतरतात. तिघंच फेरी मारतात. हे पगारी, गणवेशातले, हजारो तास उडालेले लोक. नियम लेखी, इंधन कंपनीचं, वर जायला आभाळ मोकळं. तरी माघारी फिरायचं म्हटलं की हात जड होतो. मागं बसलेले काय म्हणतील? "गेला वाटतं परत!" माणूस समुद्रात जाईल, पण खिडकीतल्या चौघांसमोर माघार घेणार नाही.

तात्यांचंच बघा. एका चतुर्थीला मोरगावला दर्शनाला म्हणून जीप काढली. मागं सगळं घर. बोलण्याच्या नादात मोरगाव मागं पडलं. काकू म्हणाल्या, "अवो, देऊळ गेलं." तात्या म्हणाले, "म्हाईत हाय." आणि गाडी थेट सुप्याला नेली. तिथं सगळ्यांना उसाचा रस पाजून म्हणाले, "मला सुप्यालाच यायचं हुतं. गणपती काय, येताना बी हाय." त्यामुळं हिमालयातल्या लुकल्याची हकीकत ऐकून ते खूश झाले. धावपट्टी सव्वापाचशे मीटर, तीही चढाची, आणि पुढं डोंगराची भिंत. एकदा जवळ आलं की परत फिरणं नाही. "हां! ही खरी धावपट्टी," तात्या म्हणाले. "उगं मानसाला पर्याय दिऊनच घोळ हुतो."

निर्लज्जपणे फेऱ्या मारणारी एकच जमात मी पाहिली आहे, ती म्हणजे सत्कार समारंभातले वक्ते. वक्ता छान खाली येतो, "आणि शेवटी जाता जाता एवढंच सांगतो," असं म्हणत धावपट्टी समोर धरतो, श्रोते चपला शोधू लागतात. आणि तेवढ्यात त्याला एक किस्सा आठवतो, जोर लागतो, आणि गृहस्थ पुन्हा तीन हजार फुटांवर. इंधन संपेपर्यंत त्याला काही वाटत नाही. माइकवाल्यालाच वाटतं.

अखेर एके दिवशी मी ते धाडस केलं. चारही दिवे पांढरे, धावपट्टी डॅशबोर्डाखाली निघालेली, खिडकीत पूर्ण कोरम. छाती धडधडत होती. मी मोठ्यानं म्हणालो, "गोइंग अराउंड!" एफ-४ दाबून इंजिनाला पुरता जोर दिला, नाक वर घेतलं, फ्लॅप हळूहळू आत घेतले, आणि जुहूची धावपट्टी, समुद्र, माझी सगळी जलसमाधी स्थळं खाली राहिली. पुतण्यानं टाळ्या वाजवल्या.

खिडकीत सन्नाटा. मग तात्या म्हणाले, "उतरायचं न्हवतं तर आला कशाला?"

"भ्यालं मास्तर," दुसरा म्हणाला.

"समुद्रात तरी दमानं जात हुतं," तिसरा हळहळला.

पण मला त्याची चटक लागली. फेरी मारण्यात एक वेगळीच मुक्ती आहे. काहीच सिद्ध करायचं नसतं. थोडं वर आलो? फेरी. थोडा वेग जास्त? फेरी. उतार अगदी अचूक, दोन पांढरे, दोन तांबडे? उगाच संशय नको, फेरी. आमची ही "जेवायला चला" म्हणायची, मी म्हणायचो, "एक फेरी मारून आलोच," आणि आमटी निवून जायची. आधी उतरता येत नाही म्हणून मी रडत होतो, आता उतरायचं नावच काढीना.

"काका, फेरीलाही इंधन लागतं," पुतण्या एका रात्री म्हणाला. मी काट्याकडं पाहिलं. काटा गिमलीच्या घरात. दोन मिनिटांत इंजिन बंद पडलं, पंखा समोर उभा राहिला. उंची अडीच हजार फूट, जुहू अगदी खाली, म्हणजे सवयीप्रमाणं लई वर. आता फेरीही नाही आणि जोरही नाही.

मी डावीकडं कललो. सगळी खिडकी कलली. आणि या खेपेला, देवाशपथ, विमानही कललं. घसरत, गुरगुरत, आडवं होत ते खाली आलं. धावपट्टी सुरू झाली, धावपट्टी संपली, आणि समुद्राच्या हातभर अलीकडं, चौपाटीच्या वाळूत, चाकं टेकून ते थांबलं. आख्खं. पडदा काळा झाला नाही.

"काका," पुतण्या म्हणाला, "धावपट्टी मागं राहिली."

"माहिती आहे," मी चष्मा पुसत म्हणालो. "मला चौपाटीलाच यायचं होतं."

"मग!" तात्यांनी गजावर थाप मारली. "मुंबैला जायाचं आन् चौपाटी न बघता माघारी यायाचं व्हय?"